अर्जासोबतचा जादा कागद



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका स्नेह्यांनी मला थट्टेने विचारले, ‘लढायांचा इतिहास असतो, राजघराण्यांचा असतो; कॉलेजच्या अर्जाला कसला आला आहे इतिहास?’ भिंगारच्या माणसाने असे विचारावे हे स्वाभाविकच आहे. १४९० साली याच परिसरात मलिक अहमदाने बहामनी फौजेचा पराभव केला आणि त्या विजयाच्या भूमीवर नगर शहर वसले. ज्या गावच्या अंगणात राज्ये जन्मली, त्या गावाला अर्जाचे कौतुक काय असणार? परंतु राज्ये गेली आणि माणसाचे नशीब ठरवण्याचे काम तलवारीकडून कागदाकडे आले. आज आपल्या घरातील मुलामुलींची वाट एका अर्जापाशी येऊन थांबते. म्हणून त्या अर्जाकडे, आणि विशेषतः त्याला जोडल्या जाणाऱ्या जादा कागदाकडे, इतिहासाच्या नजरेने पाहावे असा माझा हेतू आहे.

या विषयाकडे मला वळवले ते एका मुलाने. हा मुलगा इथलाच; बारावीत शिकणारा. त्याने दोन दिवाळीच्या सुट्या सायकलवर घालवून भिंगारच्या आसपास उरलेल्या खापरी नळांच्या खुणा टिपल्या होत्या. निजामशाहीत नगरला पाणी कसे येई हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना ठाऊक आहे. उंचावरच्या विहिरींतून पाणी घ्यायचे, चुन्याच्या बांधकामात बसवलेल्या भाजक्या मातीच्या नळांतून ते नुसत्या उताराच्या जोरावर शहरात आणि बागमहालांत न्यायचे, आणि वाटेत ठरावीक अंतरावर हवा खेळण्यासाठी व गाळ काढण्यासाठी तोंडे ठेवायची, अशी ती योजना होती. जवळचा फराहबाग याच विद्येवर हिरवा राहिला. या मुलाने उघडी पडलेली तोंडे शोधली, दोरी सोडून त्यांची खोली मोजली, फुटक्या नळांचा व्यास घेतला आणि आपल्या हाताने नकाशा काढला. एकूण बावीस पाने झाली.

ती पाने घेऊन तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘सर, मला परदेशातल्या एका विद्यापीठात अर्ज करायचा आहे. त्यांच्या अर्जात जादा साहित्य जोडायला जागा आहे. हे जोडू का? की मार्क पुरेत?’

मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. देता आले नाही हेच खरे. घरी येऊन मी विचार करू लागलो, की आपल्या लोकांनी आजवर विद्यालयांच्या दारात काय काय नेऊन ठेवले, आणि दाराआडच्या माणसांनी त्याचे काय केले. तो शोध आज तुमच्यापुढे मांडतो.

आरंभ नगरपासूनच करू. मिस सिंथिया फरार या अमेरिकन मिशनच्या शिक्षिका १८३९ साली नगरला आल्या आणि १८६२ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी इथे मुलींना शिकवले. सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे त्यांच्याच संस्थेत घेतले. त्या काळी मुलीने शाळेला अर्ज करावा अशी स्थितीच नव्हती. उलट शाळेलाच घरोघर जाऊन विनवणी करावी लागे. त्यानंतर उणीपुरी पन्नास वर्षेही लोटली नाहीत, तोच एका मराठी मुलीने समुद्रापलीकडच्या वैद्यकीय कॉलेजकडे स्वतःच्या हाताने अर्ज लिहिला.

ती मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी. जन्म १८६५चा, कल्याणचा. त्यांचे शिक्षण तुकड्यातुकड्यांनी झालेले. थोडे मिशनच्या शाळेत, पुष्कळसे घरी गोपाळरावांपाशी. गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागणारे पत्र एका मिशनऱ्याला लिहिले आणि ते अमेरिकेतील मिशनच्या मासिकात छापून आले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या बाई दंतवैद्याकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असता त्यांच्या हाती तो अंक पडला. त्यांनी आनंदीबाईंशी पत्रव्यवहार सुरू केला आणि पुढे त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. कागद कोणाच्या हाती पडेल आणि काय घडवील, याचा नेम नसतो तो असा.

१८८३ च्या जून महिन्यात आनंदीबाई अमेरिकेत पोहोचल्या आणि २८ जून रोजी त्यांनी फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाच्या आल्फ्रेड जोन्स यांना पत्र लिहिले. त्या पत्रात त्यांनी प्रथम आपले उणेपण मांडले आहे. प्रवेशाच्या सर्व अटी मी पुऱ्या करू शकेन असे नाही, परंतु माझी गोष्ट सर्वसामान्यांहून वेगळी आहे, तेव्हा तिचा सहानुभूतीने विचार व्हावा, असा त्या भागाचा आशय. मग प्रकृती चांगली असल्याचे सांगितले. आप्त आणि जात यांचा विरोध पत्करून ज्या निश्चयाने आपण इथवर आलो, तो निश्चयच पुढे उपयोगी पडेल असे म्हटले. शेवटी कारण दिले, की माझ्या देशातील स्त्रिया पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात. त्यांच्यासाठी मला वैद्यक शिकायचे आहे.

कॉलेजच्या डीन रेचेल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला. अठरा वर्षांच्या त्या मुलीपाशी तेव्हा संशोधन नव्हते. होती ती केवळ गरज, आणि ती सांगण्याचा प्रामाणिकपणा. संशोधन पुढे आले. ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या तेव्हा त्यांच्या प्रबंधाचा विषय प्राचीन हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. जे ज्ञान घ्यायला त्या गेल्या, त्याच्या मोबदल्यात आपल्या घरातले ज्ञान त्यांनी त्या कॉलेजला नेऊन दिले. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यास त्यांचा अंत झाला. दवाखाना चालवण्याचे सुख त्यांना लाभले नाही. पण ते पत्र उरले.

आनंदीबाईंनी कारण पाठवले. आता प्रत्यक्ष काम पाठवणाऱ्याकडे वळू. त्यासाठी थोडा वेळ महाराष्ट्राबाहेर, मद्रासला जावे लागेल, कारण याहून ठळक उदाहरण मला ठाऊक नाही. श्रीनिवास रामानुजन हे एफ.ए.च्या परीक्षेत एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा नापास झालेले. गणितात बुडून गेल्यामुळे इतर विषय राहून जात. पदवी नाही, म्हणून विद्यापीठाचे दार बंद. मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये वर्षाला वीस पौंड पगाराची कारकुनी करीत असताना १६ जानेवारी १९१३ रोजी त्यांनी केंब्रिजच्या जी. एच. हार्डी यांना पत्र लिहिले. आपण कारकून आहोत, विद्यापीठाचे शिक्षण झालेले नाही, हे त्यांनी आरंभीच सांगून टाकले आणि सोबत पाने भरभरून प्रमेये जोडली. यापूर्वी केंब्रिजच्याच दोन गणितज्ञांकडे त्यांनी आपले काम पाठवले होते. तिथून काही निष्पन्न झाले नव्हते.

हार्डींनी ती पाने लिटलवुड यांच्याबरोबर बसून वाचली. त्यांत काही सिद्धांत आधीच कोणी मांडलेले होते, मूळ संख्यांविषयीचा एक दावा तर चुकीचा होता; आणि काही सूत्रे अशी होती की ती अस्सल बुद्धीखेरीज कोणाला सुचणेच शक्य नव्हते. हार्डींनी उत्तर पाठवले त्यात स्तुती होती आणि मागणीही होती, की सिद्धता पाठवा. त्याच वर्षी मद्रास विद्यापीठाने या नापास विद्यार्थ्याला दरमहा ७५ रुपयांची संशोधन शिष्यवृत्ती दिली. १९१४ मध्ये ते केंब्रिजला गेले आणि मार्च १९१६ मध्ये संशोधनाच्या आधारावर त्यांना बी.ए.ची पदवी मिळाली.

श्रोतेहो, या कथेतून आपण बहुधा चुकीचा बोध घेतो. गुणवत्ता असली की जग वळून पाहते, असे आपण मुलांना सांगतो. वस्तुतः तीच गुणवत्ता आधी दोन टेबलांवरून परत गेली होती. तिसऱ्या टेबलावर एक असा माणूस बसला होता, की ज्याला वाचता येत होते आणि ज्याने वाचण्याचे कष्ट घेतले. चुकीचे प्रमेय दिसताच त्याने गठ्ठा बाजूला सारला नाही. जोडलेल्या कागदाचे मोल पाठवणाऱ्याइतकेच वाचणाऱ्यावरही असते.

आता आपल्या महाराष्ट्राच्या सर्वात मोठ्या विद्यार्थ्याकडे येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१५ मध्ये एम.ए. झाले. ९ मे १९१६ रोजी त्यांनी गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात भारतातील जातींविषयीचा आपला निबंध वाचला. पुढल्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’त छापला गेला. १९१६ मध्येच ते लंडनला आले आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या दारात उभे राहिले. बरोबर कोलंबियाचे प्राध्यापक सेलिग्मन यांचे परिचयपत्र होते, ते प्राध्यापक फॉक्सवेल यांच्या नावे.

फॉक्सवेल यांनी संस्थेच्या कार्यालयाला जे कळवले ते मोठे मनोरंजक आहे. या गृहस्थाचे डॉक्टरेटचे काम आधीच झालेले आहे, तो केवळ संशोधनासाठी आला आहे. आपल्या संस्थेशी त्याचे नाते जोडता येत नाही याचे वाईट वाटते, परंतु त्याला जिंकण्यासाठी इथे आता जगच उरलेले नाही, असा त्याचा मतलब. म्हणजे एकाला पदवी नाही म्हणून दार उघडत नाही आणि दुसऱ्याची विद्या जास्त झाली म्हणून ते लावले जाते! बाबासाहेब हटले नाहीत. साडेदहा पौंडांची फी भरून त्यांनी पदव्युत्तर अभ्यासासाठी नाव घातले आणि मॅकिंडर, हॉबहाउस यांच्या वर्गांत सामान्य विद्यार्थ्याप्रमाणे जाऊन बसले.

१९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पैसा साठवला आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. या वेळी अर्जात प्रबंधाचा विषय निश्चित होता: ब्रिटिश हिंदुस्थानातील साम्राज्याच्या अर्थव्यवहाराचे प्रांतिक विकेंद्रीकरण. कोलंबियापासून ते ज्या प्रश्नामागे लागले होते त्याच प्रश्नाची ही पुढची पायरी. मात्र याच काळातील एक बारीकशी नोंद मला फार बोलकी वाटते. १९२१ च्या उन्हाळी परीक्षेचा फॉर्म वेळेत पाठवायचा त्यांच्याकडून राहून गेला, आणि तो उशिरा स्वीकारावा म्हणून संस्थेला विद्यापीठाकडे शब्द टाकावा लागला. परवानगी मिळाली आणि त्याच वर्षी ते एम.एस्सी. झाले. फॉर्म तो फॉर्मच! कितीही मोठा प्रबंध त्याची जागा भरून काढीत नाही.

पुढे ‘रुपयाचा प्रश्न’ हा त्यांचा डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी एकदा सुधारणेसाठी परत केला. तो त्यांनी पुन्हा सादर केला आणि १९२३ च्या अखेरीस पदवी मिळवली. ग्रंथ छापला गेला तेव्हा त्यांचे मार्गदर्शक प्राध्यापक कॅनन यांनी प्रस्तावनेत आपले मतभेद उघडपणे नोंदवले आणि तरीही लेखकाच्या ताज्या विचारशक्तीचे कौतुक केले. कोलंबियाची पीएच.डी. मात्र प्रबंध छापून झाल्यावर, १९२७ मध्ये, रीतसर हाती आली. एका माणसाचे काम इतक्या दारांतून, इतक्या वेळा, इतक्या हातांखालून गेले. परिचयपत्राने त्यांना उंबऱ्यापर्यंत नेले, आणि आत नेले ते त्यांच्या स्वतःच्या पानांनी.

चौथे उदाहरण दुःखाचे आहे, पण ते सांगितल्याखेरीज चित्र खरे होणार नाही. कमला भागवत, म्हणजे पुढे कमला सोहोनी म्हणून प्रसिद्धी पावलेल्या शास्त्रज्ञ, १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम तऱ्हेने पास झाल्या आणि त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला. संस्थेचे संचालक होते नोबेल पारितोषिक विजेते सर चंद्रशेखर व्यंकट रामन. अर्ज नाकारला गेला, आणि कारण एकच की अर्जदार स्त्री होती. गुण कमी नव्हते, विषय चुकीचा नव्हता. कागदाच्या माथ्यावरचे नाव वाचून वाचन थांबले. कमलाबाई बंगळूरला जाऊन आग्रह धरून बसल्या, तेव्हा त्यांना एका वर्षाच्या परीक्षाकाळावर घेण्यात आले. त्या वर्षात त्यांनी जे काम केले तोच त्यांचा जादा कागद ठरला. दूध आणि डाळी यांतील प्रथिनांवर त्यांनी तिथे संशोधन केले, १९३६ मध्ये एम.एस्सी. मिळवली, मग केंब्रिजला जाऊन १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. त्यांच्या कामानंतर त्या संस्थेचे दार स्त्रियांना खुले झाले. सगळ्यांनाच असे वर्षभर दाराशी बसणे जमत नाही, हे मात्र आपण विसरू नये.

चार अर्ज आपण पाहिले. आता आजच्या काळाकडे येऊ.

आज महाराष्ट्रात अभियांत्रिकीसारख्या अभ्यासक्रमांचे प्रवेश सामाईक परीक्षेच्या गुणक्रमाने होतात. तिथे बावीस पानांच्या नकाशाला जागा नाही. या पद्धतीला आपण सरसकट नावे ठेवू नयेत. गुणांच्या यादीला जात दिसत नाही, शिफारस दिसत नाही, बापाची मोटार दिसत नाही. कमलाबाईंचे नाव वाचून जो अन्याय झाला, तो निव्वळ आकड्यांच्या यादीत होणे कठीण. भिंगारच्या हमालाचा मुलगा आणि पुण्याच्या बॅरिस्टरचा मुलगा त्या यादीत एकाच ओळीत उभे राहतात, ही लहान गोष्ट नाही.

दुसरीकडे परदेशातील काही विद्यापीठे, आणि आपल्याकडील काही नव्या संस्था, अर्जासोबत विद्यार्थ्याचे स्वतःचे काम पाहण्याची तयारी ठेवतात. कोणी संशोधनाचा गोषवारा आणि मार्गदर्शकाचे पत्र मागतात. कोणी स्पष्टपणे लिहितात की मागितल्याखेरीज काही पाठवू नका. ही सोय रामानुजनसारख्यांसाठी असावी असे आपल्याला वाटते. परंतु जिथे जागा दिसते तिथे बाजार भरतो. आज पैसे घेऊन शाळकरी मुलांच्या नावावर संशोधन उभे करून देणारी दुकाने निघाली आहेत. ज्याच्या घरी पैसा त्याचा निबंध गुळगुळीत कागदावर, आणि ज्याने दोरी सोडून खोली मोजली त्याचा वहीच्या पानावर. वाचणारा जाणता नसेल, तर गुळगुळीत कागदच जिंकेल. तेव्हा गुणांची यादी आंधळी आहे आणि जादा कागद भुलवणारा आहे. या दोहोंच्या मध्ये जाणत्या वाचकाखेरीज तरणोपाय नाही. कॉलेजांनी प्रकल्प मागवावेत की नाहीत, याचा निर्णय मी एकाच कसोटीवर करीन: ते वाचायला तुमच्यापाशी माणसे आहेत काय? नसतील, तर मागवू नका. असतील, तर खेड्यातून आलेले हस्ताक्षरही वाचा.

त्या मुलाला मी अखेर काय सांगितले, ते सांगून भाषण आटोपतो.

मी म्हटले, ‘बाळ, आधी त्यांचा नियम वाच. जागा ठेवली असेल तरच जोड. नसेल तर आगंतुकासारखे घुसू नकोस. मुख्य अर्ज आणि त्याची तारीख यांकडे प्रथम बघ. तिथे बाबासाहेबांनासुद्धा शब्द टाकवून घ्यावा लागला. बावीस पाने पाठवू नकोस. एका पानात सांग, की प्रश्न काय होता, मी काय मोजले, कशाने मोजले, काय सापडले. नकाशा एकच, पण स्वच्छ. जे तुला कळले नाही ते आनंदीबाईंप्रमाणे स्वतःहून लिही. नळाचा एक तुकडा कुठून कुठे जातो हे तुला सापडले नाही ना? तर तसे लिही. वाचणारा खरा अभ्यासक असेल, तर त्याचा विश्वास तिथेच बसेल. आणि ज्यांनी मदत केली, ज्या शेतकऱ्याने आपल्या बांधावरचे तोंड दाखवले, त्याचा उल्लेख गाळू नकोस.’

तो म्हणाला, ‘आणि त्यांनी वाचलेच नाही तर?’

हा प्रश्न मला अपेक्षित होता, तरी क्षणभर मी थांबलो. मग म्हणालो, ‘तर दोन टेबले झाली असे समज. आणि एक प्रत इथे ठेव. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात नेऊन दे, आपल्या शाळेच्या ग्रंथालयात दे. त्या नळांची तोंडे दरवर्षी बुजत आहेत. रस्ते रुंद होत आहेत, प्लॉट पडत आहेत. तू मोजलेली खोली आणखी दहा वर्षांनी कोणाला मोजता येणार नाही. तुझा अर्ज एका वर्षाचा आहे. हा कागद गावाचा आहे.’

त्याने पाने पिशवीत घातली आणि नमस्कार करून तो गेला. त्याच्या अर्जाचे काय झाले ते अद्याप कळलेले नाही, आणि ते कळेपर्यंत थांबून हे भाषण करावे असे मला वाटले नाही. कारण निकाल काहीही लागो, भिंगारच्या एका मुलाने आपल्या पायाखालची जमीन वाचली आहे. ती पाने वाचणारे कोणी दूरच्या विद्यापीठात असेल वा नसेल. निदान या गावात तरी असावे, एवढीच आपणा सर्वांपाशी माझी मागणी आहे.